सुधारित आवृत्ती

डुलुथच्या वाचनालयाचं तळघर. मंगळवार, साडेसहा.
हीटर खोकतोय. वर सरोवर काठाकाठाने गोठत चाललंय.
मी टेबलावर सहा पेन्सिली मांडते,
चौघंच येणार असले तरी.

जुनी आवृत्ती अजून आहे माझ्याकडे,
कॉफी सांडलेली, पिना गंजलेली.
तिच्यात पहिल्याच पानावर पूल होता,
पुलाखाली राक्षस,
आणि राक्षसाला कुणाची ओळखपाळख नको होती.
त्या हिवाळ्यात मी ती जशीच्या तशी चालवली.
नियम म्हणजे नियम.
पंचवीस मिनिटांत तिघं मेली.
एल्डन नावाच्या मुलाने आपल्या धनुर्धराचं नाव
आठवडाभर विचार करून ठरवलं होतं.
त्याने कागदाची चौकोनी घडी घातली,
खिशात ठेवली, थँक्यू म्हणाला,
आणि परत आला नाही.

मग मी लिहायला बसले.
राक्षसाचे दात कमी केले,
त्याला एक आई दिली, एक दुखरा गुडघा.
जिथे जिथे ‘मराल’ होतं तिथे ‘पडाल’ केलं,
‘पडाल’ होतं तिथे ‘भिजाल’.
समासात, स्वतःसाठी: लोर्ना, गप्प बस.
चार वर्षं. अकरा खर्डे.
नवरा म्हणाला, एवढ्यात लोक घर बांधतात.
म्हटलं, मी काय वेगळं करतेय,
फक्त राहायला दुसरे येणार.

आज होदान आहे, रात्रपाळीची नर्स,
फाशाला दोन बोटं लावून बघते, ताप आहे का असं.
मार्नी आणि कोल एकाच पेन्सिलीसाठी भांडतात,
पाच शिल्लक असताना.
आणि ड्वेन स्कोग्लुंड, त्रेसष्ट,
रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो.
मुलीने ढकलून पाठवलंय. कोट काढत नाही.
“यात जिंकायचं कसं?”
जिंकत नाही कुणी, मी सांगते.
“मग हरतं कोण?”
ह्याचं उत्तर अकराव्या खर्ड्यातही नाही.

संध्याकाळ आहे, मी वाचते, पुलावर बर्फ आहे,
खाली कुणीतरी जड श्वास घेतंय.
आता तुम्ही काय करता?

कुणीच काही करत नाही.
होदान आपल्या तलवारीकडे बघते, मग माझ्याकडे,
जणू माझ्या चष्म्यात लिहिलंय.
माझ्या जिभेवर तीन सूचना आल्या,
तिन्ही गिळल्या. तिसरी जरा अडकली.

“किती बर्फ?” ड्वेन.
मी पान उलटलं. पानावर नव्हतं.
घोट्यापर्यंत, म्हटलं. खाली कडक.
“मग वरचा भुसभुशीत आधी. नाहीतर पाय जातो.”
आणि कोटाची बटणं सोडवत,
“ही ढाल आहे ना माझ्याकडे? उलटी धरतो.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ करतो.
खालच्यालाही जायचं असेल कुठेतरी.”

वीस पैलूंचा फासा त्याच्या पंजात दिसेनासा झाला.
दान पडलं, चार.
चार म्हणजे घसरला.
नियम म्हणजे
“मी धरलंय त्यांना,” होदान म्हणाली, “मागून. कॉलरला.”
असं आधी सांगायचं असतं, कोल म्हणाला.
“धरणारे सांगत बसत नाहीत.”

मग राक्षस वर आला, गुडघा चोळत,
बराच वेळ बघत राहिला, आणि
माझ्या तोंडून, माझ्या नकळत, म्हणाला,
डावीकडचा राहिला.

साडेआठला मी समासात लिहिलं:
बर्फ किती, ते खेळणाऱ्यांना विचार.
ड्वेनने कागदाची घडी घातली.
चौकोनी.
थँक्यू म्हणाला.
मी पेन्सिली मोजत राहिले, पुन्हा पुन्हा, सहा,
आणि तो जिन्यावरून, वळून न बघता,
“पुढच्या मंगळवारी मोठं वादळ सांगितलंय.
मला यायला उशीर होईल.
पुलाशीच थांबा.”